पोर्टमोरनची पांढरी भिंत

"हा फोटो उलटा लावलायस," विनय म्हणाला.

"सरळ आहे. खाली समुद्र, वर डोंगर," सुमेधा म्हणाली.

"मग होडीतली माणसं डोक्यावर का उभी आहेत?"

सुमेधाने मान वाकडी करून पाहिलं आणि मुकाट्याने फोटो फिरवला. समुद्राचं आकाश झालं आणि माणसं पायांवर आली.

पोर्टमोरनच्या हॉलमध्ये सकाळपासून हेच चाललं होतं. उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावरचं हे एवढंसं मासेमारीचं गाव. एकोणीसशे एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात सुमेधा आणि तिचा धाकटा भाऊ अजय लंडनजवळच्या स्टॅनमोरहून काकांकडे सुट्टीला आले होते. अजयने आल्या दिवशीच गळ आणि गांडुळं मिळवली आणि तो सुखी झाला. सुमेधाला मात्र जयंतकाकांनी पकडलं.

काका या गावचे एकुलते एक डॉक्टर. त्यांचा मुलगा विनय बालवाडीत असताना ते इथे आले आणि गावाला डॉक्टरबरोबर एक अध्यक्षही मिळाला. मराठी माणूस कुठेही गेला तरी लवकरच मंडळ काढतो. इथे त्याला पुरेशी मराठी माणसं नव्हती, म्हणून काकांनी आयरिश माणसांचं काढलं. पोर्टमोरन इतिहास मंडळ. रक्तदाब मोजता मोजता ते पेशंटला त्याच्या पणजोबांबद्दल विचारत. रक्तदाब वाढे, पण माहिती मिळे. कुणाच्या होडीचं नाव काय होतं, हेरिंग मासे खारवायला बायका कुठे बसत, मोठ्या वादळात कोण परत आलं आणि कोण नाही, हे सगळं काकांना तोंडपाठ होतं.

शनिवारी 'सर्वांत नेटकं गाव' स्पर्धेचे परीक्षक येणार होते. त्यांना चहाबरोबर गावाचा इतिहासही पाजायचा, असं काकांनी ठरवलं होतं. जुन्या फोटोंचं प्रदर्शन त्यासाठीच होतं.

"विनय, हे बघ," सुमेधा म्हणाली. "डोंगरावरचं ते मोडकं घर. या फोटोत त्याला छप्पर आहे. यात अर्धं गेलंय. यात तर आत झाड उगवलंय."

"जुना आहे ना. पडतो. इट्स ए रुइन." विनयचं मराठी भरभर चाले, मात्र वाटेत लिंग वगैरे गोष्टींसाठी थांबत नसे.

"हो, पण भिंत बघ. समुद्राकडची. प्रत्येक फोटोत पांढरीशुभ्र. घर मोडतंय आणि कुणीतरी त्याची एकच भिंत रंगवतंय. व्हाय?"

विनयने खुर्च्या मांडणाऱ्या ओर्लाला हाक मारली. ओर्ला विनयच्या वर्गातली, केस गाजरासारखे लाल. तिचे आजोबा बार्नी गावातले सगळ्यात जुने मच्छीमार. ते अजयला रोज होडीतून नेत, ओर्लाला मात्र कधीच नाही. लाल केसांची बाई होडीवर आली की मासे पळतात, असा इथल्या कोळ्यांचा समज होता. "मासे पळाले तर जातील कुठे? पाण्यातच ना?" असं ओर्ला दर आठवड्याला विचारी. आजोबा पाइप पेटवत.

"ती भिंत?" ओर्लाने खांदे उडवले. "ती नेहमीच पांढरी असते."

"पण रंगवतं कोण?"

ओर्लाने खिडकीतून डोंगराकडे पाहिलं. जन्मापासून समोर असलेल्या गोष्टीबद्दल तिला हा प्रश्न पहिल्यांदाच पडला होता.

सुमेधा थेट काकांकडे गेली. काका आणि मंडळाचे चिटणीस मिस्टर ग्रिबन एका नकाशावर वाकले होते. ग्रिबनसाहेब बेलफास्टचे. त्यांचा बंगला इथे होता, पण ते फक्त उन्हाळ्यात उगवत. आल्याबरोबर त्यांनी धक्क्यापलीकडचं पब्लिक टॉयलेट पांढरंशुभ्र रंगवून घेतलं होतं.

"काका, डोंगरावरच्या घराची ती पांढरी भिंत कुणाची आहे?"

"कुणाचीच नाही गं, पडीक आहे," काका म्हणाले. "आणि बरं झालं आठवण केलीस. ग्रिबन, धक्क्यावर उभं राहिलं की तेवढंच डोळ्यात खुपतं. त्याचं काय ठरलं?"

"माझा माणूस शनिवारी पहाटे येईल. हिरवा रंग द्यायचा. डोंगर हिरवा, भिंत हिरवी. परीक्षकांना दिसणारच नाही."

"उत्तम," काका म्हणाले.

पाडायचं नाही, फक्त दिसू द्यायचं नाही. मंडळांना अशा कल्पना पटकन सुचतात.

*

दुपारी तिघं डोंगर चढून गेली. घराच्या तीन भिंतींवर शेवाळ होतं. चौथी, समुद्राकडची, इतकी स्वच्छ होती की तिला टेकताच विनयची पाठ पांढरी झाली.

"चुना," सुमेधा म्हणाली. "याच वर्षीचा."

ओर्ला गुडघ्यांवर बसली होती. "इकडे या. गवतात थेंब आहेत."

पांढरे थेंब उतारावरून कुंपणाच्या दगडी पायरीवर आले, तिथून पाऊलवाटेवर आणि पाऊलवाटेवरून एका मागच्या दाराशी येऊन संपले. दाराबाहेर गमबूट होते आणि त्यांच्यावर तसेच पांढरे ठिपके.

"मिसेस हॅना?" विनय कुजबुजला. "तिला जिना चढता येत नाही. बाबा तिला गुडघ्याच्या गोळ्या देतो."

दार उघडलं. म्हातारीने आधी विनयची पाठ पाहिली, मग तिघांचे चेहरे.

"कुठे घासून आलास रे?"

"तुम्ही ती भिंत रंगवता का?" सुमेधाने विचारलं.

"मी? या गुडघ्यांनी?"

सुमेधाने बुटांकडे पाहिलं. मिसेस हॅनानेही पाहिलं. मग तिने आपले हात एप्रनच्या खिशात घातले, पण त्याआधी सुमेधाला तिच्या बोटांवरची भेगाळलेली, लाल कातडी दिसली होती.

"तुमच्या बोटांना काय झालं?"

"एक्झिमा, असं तुझे काका म्हणतात. दर उन्हाळ्यात होतो. मलम देतात बिचारे." ती हसली. "शॉर्टब्रेड खाणार?"

शॉर्टब्रेड खाताना तिने ती ग्लासगोहून लग्न होऊन आली तेव्हाच्या गोष्टी सांगितल्या आणि भिंत सोडून सगळ्या विषयांवर बोलली. पण निघताना सुमेधाने पुन्हा विचारलंच.

"ज्याचं काम आहे ना, त्याला वेळ नसतो," मिसेस हॅना म्हणाली. "भला माणूस आहे. त्याला कशाला त्रास?"

"कुणाचं काम?"

दार मिटलं होतं.

"इथली माणसं अशीच आहेत," ओर्ला म्हणाली. "विचारलं तर बिस्किट देतात."

*

शनिवारी हॉलमध्ये लांबच लांब टेबलं मांडली होती. त्यांच्यावर पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ जमिनीपर्यंत. रेखाकाकूंनी काकडीच्या सँडविचमध्ये कुणाला न सांगता हिरवी चटणी घातली होती. परीक्षक, एक उंच बाई आणि एक बुटके गृहस्थ, काकांबरोबर गावातून फिरत होते.

बाहेर समुद्रावर पातळ धुकं चढायला लागलं होतं.

"अजय कुठे आहे?" काकूंनी विचारलं.

"बार्नी आजोबांबरोबर, बांगड्यांना," सुमेधा म्हणाली. इथल्या मॅकरेलला काकू बांगडेच म्हणत आणि त्यांचं तिखलंच करत. "येतीलच."

परीक्षक येईपर्यंत काही काम नव्हतं, म्हणून ती आपण लावलेले फोटो उगाच पाहत उभी राहिली. होडीतून काढलेले फोटो तिने एका ओळीत लावले होते. जुन्या काळातली शिडाची होडी. मग इंजिनाची. मग नायलॉनच्या जाळ्यांची. माणसं बदलली होती, टोप्या बदलल्या होत्या. पण प्रत्येक फोटोत चर्चचा मनोरा त्या पांढऱ्या भिंतीच्या बरोबर वर उभा होता. जरा डावीकडे नाही, जरा उजवीकडे नाही. जणू तो त्या घराचंच धुराडं होता.

इतक्या लोकांनी, इतक्या वर्षांत, सगळे फोटो एकाच रेषेवरून कसे काढले?

कारण होडीला आत यायला ती एकच रेषा होती.

धक्क्यासमोर पाण्याखाली खडक होते. गाव त्यांना 'द आंट्स' म्हणे आणि विनय 'आत्याबाई'. भरती आली की दिसत नाहीत, पण असतात. त्यांच्यामधून जायचं तर भिंत मनोऱ्याखाली धरायची आणि सरळ यायचं. म्हणून समुद्राकडची एकच भिंत पांढरी. ती गावासाठी नव्हतीच. ती घरी येणाऱ्यांसाठी होती.

आणि आज पहाटे ती हिरवी झाली होती.

सुमेधा किचनकडे धावली. मिसेस हॅना पावाला लोणी लावत होती.

"धुक्यात बार्नी आजोबा आत कसे येतात? ती भिंत बघून?"

"मनोरा धुक्यात जातो. पांढरं तेवढं दिसतं. का गं?"

"काकांनी ती हिरवी केलीय."

लोण्याची सुरी थांबली. गावातून फक्त त्या घराची शेवाळलेली पाठ दिसे. समुद्राकडचं तोंड दिसे ते धक्क्यावरून, आणि परीक्षकांच्या गडबडीत सकाळपासून तिकडे कुणी गेलंच नव्हतं. मोठ्या बोटींवर रडार होतं. बार्नीच्या होडीवर यंत्र एकच, घोड्यांच्या शर्यती ऐकायचा ट्रान्झिस्टर.

"आणि ते टॉयलेट," मिसेस हॅना हळूच म्हणाली. "त्याला पांढरं केलंय त्या शहाण्याने. पांढरं दिसलं की बार्नी तिकडे वळेल. टॉयलेटसमोर तर खडकच आहेत."

दूर कुठेतरी इंजिनाची टकटक ऐकू येत होती.

त्याच होडीत अजय होता. अजयला पोहता येत होतं, पण स्टॅनमोरच्या कोमट स्विमिंग पूलमध्ये, आणि तेही कडेकडेने.

"विनय, ग्रिबनच्या माणसाने हिरवा रंग कुठे ठेवलाय?"

"हॉलच्या मागे. हाफ ए बकेट."

"टॉयलेटवर ओत. समुद्राकडच्या भिंतीवर. सगळा."

 आयुष्यात अशी ऑर्डर परत मिळणार नाही हे विनयला कळलं असावं. तो पळाला.

"ओर्ला, टेबलक्लॉथ ओढ."

"परीक्षकांच्या चहाचे?"

"सुमेधा!" काकू दारात उभ्या होत्या. "काय चाललंय?"

"काकू, अजय होडीत आहे आणि काकांनी त्याची वाट हिरवी केलीय. मला पांढरं काहीतरी हवंय. आत्ताच्या आत्ता."

काकूंना यातलं किती कळलं कोण जाणे. पण त्यांनी पुतणीचा चेहरा पाहिला आणि दोन्ही हातांनी सँडविचचे ट्रे उचलले. "ती बाजू धर. कप मी बघते. फुटले तर फुटले."

डोंगर चढताना दोघींच्या हातात टेबलक्लॉथचे गठ्ठे होते. खाली धुक्यात इंजिन जवळ येत होतं. मोडक्या घराच्या आत दगडांचा ढीग होता. ओर्ला त्यावरून शेळीसारखी भिंतीच्या माथ्यावर गेली. सुमेधाने एकेक टेबलक्लॉथ वर द्यायचा, ओर्लाने समुद्राकडे सोडायचा आणि वरच्या टोकावर दगड ठेवायचा. पहिला वाऱ्याने उडाला आणि एका मेंढीवर जाऊन बसला. दुसरा टिकला. तिसरा टिकला. चौथ्यावर कुणीतरी आधीच जॅम सांडला होता, पण तोही चालला.

"पुरे का?" ओर्ला ओरडली.

"अजून टकटक टॉयलेटकडेच आहे."

तेवढ्यात खाली विनयने बादली उपडी केली.

काका नेमके त्याच वेळी परीक्षकांना धक्क्यावर घेऊन आले होते. "आणि हे आमचं नूतनीकरण केलेलं," असं म्हणत त्यांनी हात पुढे केला. त्यांच्या मुलाने, त्यांच्या देखत, नूतनीकरणावर हिरव्या रंगाचा धबधबा सोडला.

"विनय," काका म्हणाले. पुढे केलेला हात तसाच हवेत राहिला.

"बाबा, ऐक. अजयचा होडी ऐक."

सगळ्यांनी कान दिले. धुक्यात इंजिन मंदावलं. थांबल्यासारखं झालं. ग्रिबनसाहेब काहीतरी म्हणायला गेले, तर परीक्षक बाईंनी त्यांना हाताने गप्प केलं. त्या एखाद्या मच्छीमाराची मुलगी असाव्यात. मग टकटक पुन्हा सुरू झाली, हळूहळू डावीकडे सरकली, डोंगराच्या बाजूला, आणि सरळ रेषेत जवळ येऊ लागली. उजवीकडे, टॉयलेटच्या समोर, एक लाट कशावर तरी फुटली आणि काळ्या दगडाचं टोक दाखवून मिटली.

धुक्यातून होडी बाहेर आली. पुढे अजय उभा होता, हातात बांगड्यांची माळ.

"ताई," त्याने डोंगरावरून धावत येणाऱ्या सुमेधाला विचारलं, "तुम्ही ते पांढरं मध्येच का हलवलं? आजोबा मोठी शिवी देणार होते. मी होतो म्हणून अर्धीच दिली."

सुमेधाने त्याला इतकं घट्ट धरलं की बांगडे दोघांच्या मध्ये चिरडले.

*

बार्नी आजोबा धक्क्यावर आले. त्यांनी डोंगरावरचे टेबलक्लॉथ पाहिले, हिरवं टॉयलेट पाहिलं, आपल्या नातीचे चुन्याने आणि रंगाने भरलेले हात पाहिले.

"टेबलक्लॉथचं डोकं कुणाचं?" त्यांनी विचारलं.

ओर्लाने सुमेधाकडे बोट दाखवलं.

"बरं डोकं आहे," ते म्हणाले. पोर्टमोरनमध्ये याहून मोठं कौतुक आजवर कुणी कुणाचं केलेलं नाही. मग ओर्लाला म्हणाले, "सोमवारी पहाटे निघायचंय. टोपी घाल. माशांना केस दिसता कामा नयेत."

काका एका दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसले होते. त्यांचा चेहरा उतरला होता. "मी रंग द्यायला सांगितला," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "गावातल्या प्रत्येक घराचा इतिहास मला माहीत आहे. ही भिंत कशी माहीत नाही? रंगवतं तरी कोण ती?"

मिसेस हॅना हळूहळू, कठड्याला धरत, धक्क्यापर्यंत आली होती. सुमेधा तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"या रंगवतात, काका. तुम्ही एक्झिमा म्हणता तो चुन्याचा आहे. पण त्या म्हणाल्या काम दुसऱ्याचं आहे."

"कुणाचं?"

धक्क्यावरची सगळी माणसं आपापल्या बुटांकडे पाहू लागली. या गावात चर्चं दोन, एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट, दुकानं दोन आणि कोणी कोणत्या दुकानातून पाव आणायचा हेही ठरलेलं. मनोरा एका चर्चचा होता. दुसऱ्या चर्चचे लोक पिढ्यान् पिढ्या त्याच मनोऱ्याकडे बघत घरी येत होते, फक्त त्याबद्दल बोलत नव्हते. एकमत होतं ते एका भिंतीबद्दल.

शेवटी बार्नी आजोबांनी पाइप तोंडातून काढला. "गावात जे घर सगळ्यात शेवटी राहायला येतं, भिंत त्याची. बाहेरून आलेला माणूस चुना लावतो आणि गावचा होतो. ही जीन हॅना ग्लासगोहून आली, तेव्हा पाळी तिच्याकडे आली. पुढे कोणी आलंच नाही. उन्हाळी लोक धरत नाहीत." इथे त्यांनी ग्रिबनसाहेबांकडे पाहिलं नाही, हे सगळ्यांनी पाहिलं. "मग तुम्ही आलात."

काका दोरखंडावरून उठले.

"म्हणजे ती भिंत माझी आहे? इतकी वर्षं?"

"डॉक्टरच्या हातात चुन्याची बादली कशी द्यायची," मिसेस हॅना म्हणाली. "तुम्ही रात्री-अपरात्री गावभर धावता. म्हटलं, त्यांचं मी करते."

"त्या गुडघ्यांनी? आणि मी तुम्हाला डोंगर चढू नका सांगत होतो." काकांनी कपाळावर हात मारला. "पण मला कुणी सांगितलं का नाही? मी सगळ्यांना सगळं विचारत होतो."

"तुम्ही जुनं काय होतं ते विचारत होतात," बार्नी आजोबा म्हणाले. "हे जुनं नाही. हे चालू आहे."

परीक्षकांनी उघड्या फळ्यांवर चहा घेतला आणि चटणीची सँडविच संपवली. पोर्टमोरनला बक्षीस मिळालं नाही. टॉयलेटची रंगसंगती धाडसी आहे, असं मात्र त्यांनी जाताना कळवलं.

रविवारी दोन्ही चर्चं सुटल्यावर गाव डोंगरावर लोटलं. कुणी घडीच्या खुर्च्या आणल्या, कुणी थर्मास. काका शिडीवर होते, अंगात जुना शर्ट, डोक्यावर रुमालाला गाठी मारून केलेली टोपी. विनय बादली धरत होता, अजय ढवळत होता आणि मिसेस हॅना खुर्चीत बसून कुंचा कसा धरायचा हे सांगत होती.

"खालून वर. खालून वर, डॉक्टर. रोग्याला असंच चोळता काय?"

हिरव्यावर चुन्याचे तीन हात द्यावे लागले. संध्याकाळी उन्हात भिंत अशी चकाकली की समुद्रातून येणाऱ्या एका मोठ्या बोटीने उगाचच भोंगा वाजवला.

"माझा पुतणीने शोधलं," असं काकांनी विनयसारखंच चुकीचं मराठी बोलून सगळ्यांना सांगितलं, कारण ते फार दमले होते आणि फार खूश होते. सुमेधाला बार्नी आजोबांचं 'बरं डोकं' जास्त आवडलं होतं, पण तिने हेही ठेवून घेतलं.

काका शिडीवरून उतरले आणि हाताची बोटं उघडझाप करून पाहू लागले. बोटं लाल झाली होती, भेगाळत होती.

मिसेस हॅनाने एप्रनच्या खिशातून एक छोटी ट्यूब काढली आणि त्यांच्या पुढे धरली.

"हे लावा," ती म्हणाली. "माझ्या डॉक्टरांनी दिलंय. काही उपयोग होत नाही, पण माणूस चांगला आहे."